छोट्या शिडाच्या बोटीतलं जुनं कार्पेट काढायचंय: जळगावात काय मिळेल, काय टिकेल?

तापीचं_वारं (धागाकर्ता), जळगाव

मंडळी, जळगावात बसून शिडाच्या बोटीबद्दल विचारतोय, तेव्हा आधी हसून घ्या.

बोट २१ फुटी, फायबरची, कील (तळाखालचा उभा पंख) वर उचलता येणारी. अलिबागच्या बाजूला एका गृहस्थांच्या आवारात पडून होती. ट्रेलरवर घालून कसारा चढवून, धुळे-पारोळा-एरंडोल करत आणली. सध्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. पावसाळा संपला की हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला न्यायची इच्छा आहे. परवानगीचा अर्ज दिलाय, ते पुराण वेगळं.

प्रश्न केबिनचा आहे. आत उभं राहता येत नाही, वाकून शिरायचं. दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, मधे साधारण सहा फूट लांब नि दोन फूट रुंद चालायची पट्टी, पुढे निमुळती होत जाणारी. त्या पट्टीवर निळं कार्पेट गमानं चिकटवलंय. तेच कार्पेट बाजूच्या भिंतींवर खिडक्यांपर्यंत, आणि पुढच्या झोपायच्या जागेत छतालासुद्धा. मे महिन्यात आणली तेव्हा सगळं कोरडं खडखडीत होतं, जरा मळकं इतकंच. पावसाळी हवा सुरू झाली आणि आत असा कुबट वास सुटला की मुलं चढायला तयार नाहीत. शेड गळत नाही, बोटीवर ताडपत्री आहे, आत थेंब गेलेला नाही. तरी कार्पेटवर तळवा टेकवला तर ओलसर लागतो.

हे धुऊन वापरता येईल की काढूनच टाकावं? काढलं तर खालच्या गमाचं काय करायचं? आणि नवीन काय घालावं? बोटीचं म्हणून जे कार्पेट मुंबईत मिळतं त्याचा भाव ऐकून फोन ठेवून दिला. आपल्या गावात चटयांचे इतके कारखाने असताना इथलंच काही चालणार नाही का? घरून एकच अट आहे: पायाला मऊ लागलं पाहिजे.

पांझराकाठ, धुळे

भो, पयले हाई सांग, हतनूरमा शीड लाईसन कोठे जाशी? ४१ दरवाजा उघडात ते सिधा सुरतले उतरशी.

तापीचं_वारं

दरवाजे बंद झाल्यावरच उतरणार हो भाऊ. पाणी साठलेलं असतं तेव्हा चांगदेवपर्यंत जाऊन परत, एवढंच स्वप्न आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर थोडा वारा मिळाला तरी पुष्कळ.

रसायनवाली

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, बोटीतलं काही कळत नाही. पण ओलसरपणाचं कारण सांगू शकते.

ते पावसाचं पाणी नाही, हवेतलं आहे. कार्पेटमध्ये वर्षानुवर्षांचं समुद्राचं मीठ मुरलंय. साधं मीठ घेतलं तर हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याच्या बरंच आधी पाणी धरतं. आपल्याकडे मे महिन्याची दुपार इतकी कोरडी की हे मीठ गप पडून राहतं. म्हणून तुम्हाला कार्पेट ठणठणीत वाटलं. आर्द्रता वाढली की तेच कार्पेट पाऊस न लागता ओलं होतं, धुळीवर आणि सांडलेल्या खाण्यावर बुरशी धरते, आणि वास येतो तो तिचा. दिवाळीनंतर वास आपोआप जाईल आणि तुम्हाला वाटेल प्रश्न मिटला. पुढच्या जूनमध्ये परत येईल.

धुऊन? मीठ गोड्या पाण्यात सहज विरघळतं, पण ते खारं पाणी बाहेरही काढावं लागतं. सुटं कार्पेट असतं तर विहिरीवर नेऊन भरपूर पाण्यानं दोन-तीनदा खळबळून काढलं असतं. चिकटवलेल्यावर पाणी ओतलं तर मीठ खालच्या लाकडात उतरवाल, बाकी काही नाही.

रेवस_बंदर

ताईंनी वर्मावर बोट ठेवलं. काढाच, सगळं काढा.

रेवसला माझी लहान बोट असते, तिच्यातलंही असंच कार्पेट काढून टाकलंय. बोटी बनवणारे भिंतींना कार्पेट लावतात ते तुमच्या पायांसाठी नाही. फायबरच्या बोटीची आतली बाजू ओबडधोबड असते, काचेच्या धाग्याचे टोकदार केस राहिलेले असतात, हात घासला की खाज सुटते. ते गुळगुळीत करायचं तर मजुरी लागते. कार्पेट चिकटवलं की अर्ध्या दिवसात सगळं झाकलं जातं. भिंतीपुरतं हे मी समजू शकतो. जमिनीवर चिकटवणं हा मात्र शुद्ध आळस.

कारण असं. छोट्या बोटीत आत पाणी दिसलं की पहिला प्रश्न येतो की आलं कुठून. खिडकीच्या रबरातून, मास्टच्या (शिडाच्या डोलकाठीच्या) बुडातून, कीलच्या पेटीच्या सांध्यातून, की नुसतं कुणाच्या ओल्या कपड्यांतून. फळी उचलून खाली बघता आलं तर पाच मिनिटांत कळतं. वर कार्पेट चिकटवलेलं असेल तर ते सगळीकडून आलेलं पाणी पिऊन बसतं आणि उत्तर सापडत नाही. समुद्रात आम्ही चाखून बघतो, खारट लागलं तर खालून आलं, गोडं लागलं तर वरून. हतनूरमध्ये तुमची ही सोयही जाणार.

दुसरं म्हणजे कार्पेटचा भुगा. जुनं झालं की धागे गळतात. बोटीच्या तळातल्या आडव्या पट्ट्यांना पाणी वाहून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, त्यांत हे धागे जाऊन बसतात. उरलेले बिल्ज पंपाच्या, म्हणजे तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या, जाळीवर. पंपाचा आवाज येत राहतो आणि पाणी जागचं हलत नाही.

अस्तर_मास्तर, धुळे

मी गाड्यांची सीट कव्हरं, मॅटिंग, छताचं अस्तर करतो. बोट सिनेमातच बघितली, पण हे काम माझंच आहे असं वाटलं म्हणून लिहितो.

काढताना अख्खं ओढू नका, कंबर धरेल. कटरनं वीतभर रुंदीच्या उभ्या पट्ट्या मारा, एक कोपरा पकडीनं धरून पट्टी-पट्टीनं सोलत चला. निम्मं काम हातानंच होईल. जिथे अडतंय तिथे हीट गन लांबून फिरवत ठेवायची, एका जागी थांबायचं नाही, मागोमाग पुट्टीची पत्ती सरकवायची. फायबरवर जपून वापरा, खरडायला प्लास्टिकची पत्ती मिळते ती चांगली.

आता छताचं. गाडीचं छत लोंबलं की लोक म्हणतात गम हलका होता. बऱ्याच वेळा गम जागच्या जागी असतो, कापड आणि गम यांच्यामधला पातळ फोम मेलेला असतो. उष्णता आणि दमट हवा यांनी त्याची पावडर होते. हात लावला की पिवळं पीठ पडतं ते तेच. म्हणून नवीन घेताना मागे फोम असलेलं काही घेऊ नका, विकणारा कितीही मऊ म्हणून सांगू दे. गाडीच्या डिकीत लावतात ते नीडल पंचचं पातळ कार्पेट घ्या. विणलेलं नसतं, म्हणून कापल्यावर उसवत नाही, आणि चारी बाजूंनी थोडं ताणलं जातं. बोटीची भिंत गोल असणार, त्या गोलाईवर तेच बसेल. जळगाव, धुळे, कुठल्याही सीट कव्हरवाल्याकडे रोल असतो.

झटपट_काम

एवढं काय हो, ॲसिटोन ओता आणि पुसून घ्या. दहा मिनिटांत गम साफ.

रसायनवाली

ओतू नका. हा प्रतिसाद वाचून कुणी केबिनमध्ये डबा घेऊन उतरेल म्हणून सविस्तर लिहिते.

ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंश सेल्सियस आहे. म्हणजे खान्देशात बाराही महिने त्याच्या वाफा एका ठिणगीवर पेटू शकतात. वाफ हवेच्या दुप्पट जड, ती वर न जाता तळाला साचते. केबिन म्हणजे धान्याचं पेवच समजा. पेवात माणूस उतरवताना जुनी माणसं आधी झाकण उघडं ठेवून हवा खेळू देतात, तेवढी अक्कल इथेही हवी. त्यात तुमच्याकडे तळाशी बॅटरी आणि पंपाचा स्विच असणार. बॅटरी आधी बोटीबाहेर काढा. पुढचं आणि मागचं दोन्ही झाकणं उघडी. पंखा बाहेर ठेवून ताजी हवा आत ढकला, पंख्याची मोटर वाफांत नको. बाहेर एक माणूस उभा ठेवा. फडक्यावर थोडं घेऊन थोड्या जागेत काम करा.

खिडक्या बहुतेक ॲक्रिलिकच्या असतील. त्यांवर ॲसिटोनचा थेंब उडाला तरी बारीक तडे जातात, ते परत निघत नाहीत. रंगावर आणि प्लायच्या पॉलिशवरही नको. पूर्ण पक्क्या झालेल्या फायबरला फडक्यानं पुसण्याइतपत चालतं.

त्यापेक्षा आधी टर्पेंटाइन लावून बघा. गम फुगून मऊ पडला तर पत्तीनं निघेल. तेही पेट घेतं, पण सावकाश उडतं. आणि हीट गन व द्रावक एकाच दिवशी वापरायचं नाही. एकाचं काम पूर्ण झालं, वास गेला, मगच दुसरं.

झटपट_काम

बरं ताई. मी घराबाहेरच्या ओट्यावर केलं होतं, तेव्हा जमलं.

कॅरेज_काका, भुसावळ

सेवानिवृत्त, रेल्वे. नोकरी सगळी डब्यांखाली वाकून गेली. म्हणून दोन शब्द.

आमचे जुने निळे आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातले) डबे आठवा. तळाला पन्हाळीसारखा वळवलेला पत्रा, त्यावर दाबीव लाकडी बोर्ड, त्यावर पीव्हीसीची शीट. डबा उघडला की गंज कुठे सापडणार हे न बघता सांगता यायचं. संडासाजवळ आणि दाराजवळ. वरची शीट धडधाकट, पुसली की नवीन वाटायची, आणि खालच्या पत्र्याची चाळण झालेली. पाणी जोडातून आत उतरतं आणि त्याला बाहेर यायला वाट नसते. वरून ऊन नाही, वारा नाही. लोखंड काय नि लाकूड काय, ओल धरून ठेवली की संपलंच.

त्यामुळे माझं मत असं की जमीन दोनच प्रकारे करावी. एक तर कडा-कोपरे भिंतीवर चढवून, जोड वेल्डिंगनं बंद करून, थेंबही खाली जाणार नाही अशी. नाहीतर पूर्ण सुटी, कुणीही एका हातानं उचलून उन्हात टाकेल अशी. बोटीत खालच्या फळ्या वारंवार उचलायच्या असतील तर पहिला प्रकार बादच. अर्धवट चिकटवलेलं सगळ्यात वाईट, कारण ते पाणी आतही घेतं आणि सोडतही नाही.

रेवस_बंदर

काकांना साष्टांग. हे मी बोटीच्या मासिकांतही इतकं स्वच्छ वाचलेलं नाही.

तापीचं_वारं

सगळ्यांचे आभार. कार्पेट निघालं. मास्तरांची पट्ट्यांची युक्ती चालली, हीट गन फक्त कोपऱ्यांत लागली. भिंतीवर पिवळ्या फोमचे ठिपके राहिलेत. जमिनीचा गम टर्पेंटाइननं बराच गेला. पोत्यांचं वजन बघून थक्क झालो, कोरडं कार्पेट इतकं जड असूच शकत नाही.

आता वाईट बातमी. मधल्या फळ्या प्लायच्या आहेत. मागच्या दोन ठणठणीत. पुढची, मास्टखालच्या खांबाजवळची, एका कडेला काळी पडलीय. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर लोण्यात जावा तसा नाही, पण जातो. तेवढाच तुकडा कापून नवीन बसवावा की पूर्ण फळी?

रेवस_बंदर

कार्पेट विसरा थोडा वेळ. तो खांब कशासाठी आहे ते बघा. तुमच्या आकाराच्या बऱ्याच बोटींत मास्ट केबिनच्या छतावर उभा असतो आणि त्याचा सगळा दाब त्या खांबावरून खाली तळाशी उतरतो. वारा भरला, तारा ताणल्या की तो दाब चिकार असतो. फळी कुजलीय ती नुसती चालायची असेल तर काहीच बिघडत नाही, नवीन टाका. पण खांबाचं बूड ज्या लाकडावर टेकलंय ते मऊ असेल तर आधी ते. टोचून बघा, हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा, चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द. वर छतावर मास्टच्या बुडाभोवती खोलगट झालंय का तेही पाहा, आणि केबिनचं मधलं दार घासतंय का. सध्या मास्ट उतरवलेला आहे, खांबावर भार नाही, हे काम आत्ताच करून घ्या.

फळी पूर्ण बदला. जुनी तशीच ठेवून तिच्यावरून नवीन आखून कापा. प्लायवर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून घ्या, दुकानदाराच्या 'वॉटरप्रूफच आहे' वर जाऊ नका. त्या प्रतीच्या प्लायचा जोड ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. तरी कापलेली कड उघडी ठेवली तर तिथून पाणी चढतंच. सहाही बाजूंना इपॉक्सी, कडांना दोन-तीन हात, प्रत्येक स्क्रूच्या भोकात आतून.

रसायनवाली

इपॉक्सीबद्दल एक. डब्यावर लिहिलेली घट्ट व्हायची वेळ साधारण २५ अंशांची असते. तापमान १० अंशांनी वाढलं की ती जवळपास निम्मी होते. शेडमध्ये दुपारी किती असतं ते तुम्हीच सांगा. थोडं थोडं कालवा, आणि पेल्यात न ठेवता पसरट थाळीत ओता. पेल्यात साचलेलं स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धूर काढून दगड होतं. सकाळी लवकर काम करा.

चटई_बाजार, जळगाव

आता माझा विषय आला. एमआयडीसीत चटईच्या धंद्यात आहे, कारखान्याचं नाव सांगत नाही, जाहिरात होईल.

आपली चटई म्हणजे पॉलिप्रोपिलीन. आडव्या प्लास्टिकच्या पोकळ नळ्या, उभा बारीक धागा. हे प्लास्टिक स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही, पाण्यापेक्षा हलकं आहे, म्हणजे तुमची चटई हतनूरमध्ये पडली तर तरंगेल. बुरशीला त्यात खायला काही नाही. झटकली, नळाखाली धरली, तासाभरात वाळली. मुंबईच्या 'बोटीच्या' कार्पेटचा दोराही बहुतेक वेळा याच जातीचा असतो, फक्त उन्हासाठीचं औषध मुरवलेलं. त्यामुळे तुमची शंका बरोबर आहे, इथलं चालेल. पण तीन अडचणी मीच सांगतो, नंतर शिव्या नकोत.

पॉलिप्रोपिलीनला गम धरत नाही. आज चिकटेल, उद्या सोलून येईल. मास्तरांचं नीडल पंच चिकटतं कारण गम केसांत अडकतो, चटईला केस नाहीत. तेव्हा सुटीच टाकायची, आणि वरची चर्चा वाचली तर तेच बरं.

कापलं की उसवतं. कापायच्या रेषेवर आधी शिवणीची टीप मारून घ्या किंवा कड गरम सुरीनं वितळवून बंद करा. साधारण १६० अंशांना वितळतं, म्हणून इस्त्री बिस्त्री लावू नका. कडेनं रेक्झिनची पट्टी शिवली की पक्कं.

आणि ऊन. साध्या चटईत उन्हाचं औषध नसतं किंवा थोडंच असतं. केबिनमध्ये सावली आहे, पण दाराखालच्या हातभर जागेत रोज ऊन पडेल, तिथली नळी वर्षभरात तडकायला लागेल. तो तुकडा वेगळा करा आणि बदलत राहा.

एक राहिलंच. गुळगुळीत पृष्ठभागावर चटई सरकते. डोलणाऱ्या बोटीत माणूस घेऊन सरकेल. खाली ती जाळीदार अँटिस्लिप शीट मिळते, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये घालतात ती, तिचा तुकडा टाका. जाळी असल्यामुळे खालून वाराही खेळतो.

रेवस_बंदर

रबराची शीट मात्र नको. रबर पांढऱ्या फायबरवर आणि व्हिनाइलवर पिवळे डाग सोडतं, ते घासून जात नाहीत.

केळीबाग, रावेर

आपल्या खान्देशात केळीच्या खांबाचा ढीग पडलेला असतो. त्याच्या धाग्याच्या सुंदर चटया होतात. प्लास्टिक कशाला? मातीत जाणारी वस्तू वापरा की.

चटई_बाजार

भाऊ, बैठकीत टाका ना. बोटीत ओली झाली की काळी पडणार.

केळीबाग

प्लास्टिकवाल्याकडून हेच अपेक्षित होतं.

रसायनवाली

भांडू नका. केळीचा धागा, ताग, काथ्या, सूत, सगळे मुळात सेल्युलोज. पाणी पितात आणि बुरशीला ते आवडतं. काथ्या त्यातल्या त्यात दम धरतो. पण वापरून झाल्यावर घरी नेणार असाल तर काहीही चालेल. ओलं ठेवून झाकण लावलं की प्रश्न सुरू.

पांझराकाठ

आते केळीना भाव काढशात ते धागा बऱ्हाणपूरलगून जाई.

केळीबाग

भाव काढू नका, जखम ताजी आहे.

चोपडा_शिवण

मी शिवणकाम करते. अहोंनी हा धागा दाखवला. चटई किंवा कार्पेट कुणाचंही घ्या, पण कापायच्या आधी कागदी आकार काढा. बोटीत सरळ रेष नसणार.

ब्राऊन पेपरचा एक मोठा तुकडा आत घालून त्याच्या कडा दुमडत बसू नका, तो सरकतो आणि सगळं चुकतं. मधे जागेपेक्षा थोडा लहान कागद चिकटपट्टीनं पक्का करा. मग कडेच्या प्रत्येक वळणाशी पुठ्ठ्याचे छोटे तुकडे नेमके भिडवून मधल्या कागदावर चिकटवत चला. सगळी कड पूर्ण झाली की आकार अलगद उचलायचा. उचलण्याआधी त्यावर लिहा: वरची बाजू, पुढचं टोक, डावं-उजवं, आणि मधोमध एक रेघ. दोन्ही बाजू सारख्या असतील असं धरून अर्धाच काढून दुमडू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत उजवीकडची फळी थोडी आत आलेली दिसतेय.

फळ्या वेगवेगळ्या उचलायच्या आहेत ना? मग एक लांब तुकडा न करता प्रत्येक फळीचा वेगळा करा. उचलायच्या कड्यांसाठी भोक न पाडता कडेलाच खाच ठेवा. आणि सगळीकडून अर्धा सेंटिमीटर कमी कापा. पट्टी शिवल्यावर कड जाड होते, नेमकं मापाचं कापलं तर फळी अडकते.

मऊपणाचं म्हणाल तर वहिनींना सुती सतरंजी द्या. फळीवर चटई, चटईवर सतरंजी. संध्याकाळी सतरंजी घडी घालून घरी.

तापीचं_वारं

ताई, मधोमध रेघ आणि डावं-उजवं हे वाचलं नसतं तर मी नक्की दुमडून अर्धाच काढला असता. उजवी फळी खरंच पाऊण इंच आत आहे, मला बोट आणल्यापासून दिसली नव्हती.

सतरंजीला घरून मंजुरी मिळाली. खांबाचं बूड तपासलं, फायबरच्या भरीव उंचवट्यावर आहे, लाकडावर नाही. फक्त फळी गेली होती, नवीन कापून इपॉक्सी मारली. जमिनीचं ठरलं: प्रत्येक फळीला वेगळी चटई, खाली जाळी.

उरल्या भिंती आणि छत. परत कार्पेट लावू की रंग मारू?

रेवस_बंदर

रंग. फोमचे ठिपके ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून निघतील, पण चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, आणि मागे व्हॅक्यूम लावून. फायबरची धूळ कातडीत आणि फुप्फुसात दोन्हीकडे नको. नंतर पांढरा रंग. केबिन मोठी वाटते आणि कुठे गळतंय ते ओघळावरून लगेच दिसतं.

अस्तर_मास्तर

रेवसवाले दादा, समुद्रावर ठीक आहे. इथे दुपारी नुसत्या फायबरला हात लावून दाखवा. पातळ कार्पेट असलं तर निदान पाठ टेकवता येते. आणि आवाज घुमत नाही.

रेवस_बंदर

मुद्दा मान्य. थंडीतही त्याचा उपयोग आहे. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच गारठा पडतो. दोन माणसं आत झोपली की श्वासातली वाफ गार फायबरवर पाणी होऊन ओघळते. कार्पेट असलं की हात ओला होत नाही. पण ते पाणी कुठे गेलेलं असतं ते आता तुम्हाला माहीत आहे.

मधला मार्ग सांगतो. आधी सगळीकडे रंग. मग जिथे पाठ टेकते तेवढ्याच उंचीला, पातळ प्लायच्या किंवा पीव्हीसी शीटच्या तुकड्यांवर मास्तरांचं नीडल पंच चिकटवा, बोटीबाहेर, टेबलावर. तो तुकडा भिंतीला वेल्क्रोनं किंवा टिचबटणांनी लावा. खिडकीच्या खालच्या कडेपासून दोन बोटं खाली थांबा, खिडकी गळली तर पाणी त्याच्या मागे जायला नको. चुलीजवळ काहीच लावू नका, हे सगळं छान पेटतं. पावसाळ्यात तुकडे काढून घरी.

अस्तर_मास्तर

हे आवडलं. टेबलावर लावायचं तर माझं काम निम्मं. दोन्ही पृष्ठभागांना गम, बोटाला न चिकटण्याइतका सुकू द्यायचा, मग एकदाच बसवायचं, हलवायला मिळत नाही. उन्हाळ्यात फार लवकर सुकतो, म्हणून सावलीत आणि एकेक तुकडा. धुळ्याला आणून द्या, दोन दिवसांत करून देतो, मजुरी शेवभाजी.

कॅरेज_काका

तुकड्याच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं ठेवा. मागे पाणी गेलंच तर निघायला वाट.

तापीचं_वारं

ठरलं. टिचबटणं मात्र साधी घ्यायची की स्टीलची? आणि ती ठोकायचं मशीन इथे कुणाकडे असतं?

रेवस_बंदर

समुद्रात परत नेणार नसाल तर पितळेची चालतील. परत नेणार असाल तर ३१६ चं स्टील, खाऱ्या हवेत टिकणारं. लोखंडावर मुलामा दिलेली नको, डाग पडतात. चुंबक लावून बघा, लोखंड लगेच चिकटतं.

चटई_बाजार

मशीन ताडपत्री शिवणाऱ्यांकडे असतं, ते मंडपाच्या नि ट्रकच्या ताडपत्र्यांना रिंगा मारतात. बटणाचा साचा वेगळा लागतो, तो आहे का विचारून जा. सुटी बटणं फुले मार्केटमध्ये बघा, नाही मिळाली तर मला मेसेज करा.

पांझराकाठ

आनि शीड? शीडमा भोक शेतस का ते कोनी इचारंच नही.

तापीचं_वारं

शीड अजून पिशवीतून काढलंच नाही भाऊ. त्याचा वेगळा धागा काढतो.